साध्या लोलकाने ‘जी’ (गुरुत्वीय त्वरण) काढताना उत्तर कधी १०.८५, कधी ९.५ येतं. घरी नीट प्रयोग कसा करावा?

तुम्ही इंदूरला अकरावीत आहात, शाळेत हा प्रयोग एका पिरियडमध्ये उरकला, आणि घरी एक मीटर लांबी धरून, वीस दोलनं मोजून केला तेव्हा हे दोन आकडे आले. मला तरी दोन्ही आकडे कामाचे वाटतात, कारण काय बिघडलं ते त्यांतच दिसतंय. सूत्र लक्षात ठेवा: पायच्या वर्गाची चौपट गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा (एका पूर्ण झोक्याला, जाऊन परत यायला, लागणाऱ्या वेळेचा) वर्ग, म्हणजे ‘जी’.

१०.८५ मध्ये मोजणी चुकली आहे. घड्याळ सुरू करताना तुम्ही ‘एक’ म्हणालात, त्यामुळे वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झाली. २० भागिले १९, त्याचा वर्ग, गुणिले ९.७९ (इंदूरचा ‘जी’) करून पाहा, बरोबर १०.८५ येतं. सुरुवात ‘शून्य’ने करायची.

९.५ आला तेव्हा बहुतेक लांबी गोळ्यावरच्या गाठीपर्यंतच मोजली गेली. लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत लागते. ९७ सेंमी दोरा आणि पुढे मध्यापर्यंत ३ सेंमी असेल, तर ‘जी’ तीन टक्क्यांनी कमी येतो.

आता साहित्य. गोळा म्हणून गवंड्याचा ओळंबा घ्या, सियागंजच्या हार्डवेअरवाल्याकडे ‘साहुल’ म्हणून मागा. जड असल्याने हवेचा अडथळा त्याला फारसा जाणवत नाही. दोरा गुंफलेला नायलॉनचा घ्या, सुती दोरा पीळ सोडतो आणि ताणतो. दोरा खिळ्याला गुंडाळू नका. झोक्याबरोबर तो खिळ्यावर थोडा चढतो-उतरतो आणि लांबी बदलत राहते. दोन सपाट पट्ट्यांमध्ये घट्ट चिमटून चौकटीला टांगा. डगमगत्या स्टुलाला टांगलात तर दोलनकाल वाढतो आणि ‘जी’ कमी येतो. मोजायला स्टीलचा टेप हवा, शिंप्याचा नको. पंखा बंद.

मीटरभर लांबीला गोळा बाजूला ८-९ सेंमीच ओढा, म्हणजे साधारण ५ अंश. तीस अंश ओढला तर दोलनकाल पावणेदोन टक्के वाढतो आणि ‘जी’ साडेतीन टक्के घसरतो. सोडताना धक्का देऊ नका, नाहीतर गोळा लंबवर्तुळात फिरतो. घड्याळ टोकाला नाही, मधल्या बिंदूवर चालू-बंद करा. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मध्ये वेग सर्वांत जास्त असतो. मागे भिंतीवर खडूची उभी रेघ ओढा आणि डोळा तिच्या समोर ठेवा.

वीस दोलनंच का? घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. मीटरभर लोलकाचं एक दोलन दोन सेकंदांचं, म्हणजे चूक १० टक्के, आणि ‘जी’मध्ये ती दुप्पट, कारण काळाचा वर्ग होतो. वीस दोलनांच्या ४० सेकंदांत तेवढ्याच चुकीने ‘जी’ फक्त एक टक्का हलतो. प्रत्येक लांबीला तीन वेळा मोजा.

खरी मजा पुढे आहे. ओळंब्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे बाहेरून कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. फक्त दोऱ्याची लांबी मोजा, ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंमी. ग्राफवर आडवी ही लांबी (मीटरमध्ये), उभा दोलनकालाचा वर्ग. उदाहरणादाखल, ४० सेंमीला वीस दोलनांना २६.३४ सेकंद आणि १२० ला ४४.५४ सेकंद लागले, तर दोलनकालांचे वर्ग १.७३ आणि ४.९६. रेषेचा चढ ४.०३, आणि ३९.४८ (पायच्या वर्गाची चौपट) भागिले ४.०३ म्हणजे ९.८ च्या जवळ. रेषा मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे ३ सेंमीवर कापते. गाठीपासून गुरुत्वमध्य तेवढाच खाली! एकाच ग्राफमधून दोन गोष्टी हाती लागतात, आणि लांबीची ती चूक चढाला शिवतही नाही.

आणि ९.८१ आणायचा हट्ट सोडा. तो आकडा ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचा, विषुववृत्ताकडे ‘जी’ कमी होतो. इंदूर २२.७ अंशांवर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथे ९.७९ च्या जवळ यायला हवा. १६७२ साली झां रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसचं लोलकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेलं, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, तेही याच कारणाने. तुमच्या दोऱ्या-टेपला ९.७९ आणि ९.८१ मधला फरक दिसणार नाही, म्हणून उत्तर ‘९.८, एक टक्का इकडेतिकडे’ असंच लिहा. प्रॅक्टिकल फाइलसाठी उलटं गणित करून रीडिंग बसवायची पद्धत सर्रास आहे. तसं केलं की सगळे बिंदू रेषेवर तंतोतंत बसतात आणि जाणकार परीक्षकाला तिथेच संशय येतो.

हे जमलं की ग्राफच्या चढाची हीच युक्ती सेलच्या अंतर्गत रोधाला (सेलच्या आतच विद्युतधारेला होणाऱ्या अडथळ्याला) लावा. महारानी रोडवरून मल्टिमीटर आणि ४.७, १० व २२ ओहमचे रेझिस्टर आणा, नवा दीड व्होल्टचा सेल घ्या. आडवी विद्युतधारा, उभा व्होल्टेज, रेषेचा उतार म्हणजे अंतर्गत रोध. व्होल्टेज थेट सेलच्या टोकांवर मोजा, क्लिपांचा रोध त्यात मिसळू देऊ नका. सर्किट दोन-तीन सेकंदांहून जास्त जोडून ठेवलंत तर सेल उतरू लागतो आणि बिंदू रेषेखाली सरकतात.