तुमचे प्रश्न : सात बेटांचे डॉक्टर-मंत्री

प्रश्न : मुलगी ग्रीसला जाऊन आली. तिच्याकडे उरलेल्या सुट्ट्या नाण्यांत 20 सेंटच्या नाण्यावर कापोदिस्त्रियास नावाच्या गृहस्थांचं चित्र आहे. ते स्वतंत्र ग्रीसचे पहिले प्रमुख होते, हे कळलं. पण त्याआधी ते बेटांच्या एका प्रजासत्ताकात मंत्री होते आणि ते प्रजासत्ताक तुर्की सुलतानाला खंडणी देत असे, असंही वाचलं. प्रजासत्ताक आणि खंडणी, हे जमलं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : या माणसाबद्दल विचारणारे बहुतेक जण त्याच्या खुनापासून सुरुवात करतात. तुम्ही बेटांपासून केलीत, बरं वाटलं.

कॉर्फू, पाक्सी, लेफकादा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि किथिरा ही ती सात बेटं. कॉर्फूवर व्हेनिसची सत्ता 1386 पासून. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिस बुडवलं आणि फ्रेंच सैन्य बेटांवर उतरलं. सरदार घराण्यांची नावं ज्या ‘सुवर्णग्रंथा’त नोंदलेली असत, तो भर चौकात जाळला गेला. त्यात कापोदिस्त्रियासांचं घराणंही होतं. पुढे रशिया आणि तुर्कस्तान या हाडवैऱ्यांनी चक्क एकत्र येऊन 1799 मध्ये फ्रेंचांना हाकललं. आता बेटं कोणाची? दोघांनाही ती दुसऱ्याच्या हाती जायला नको होती. म्हणून 1800 च्या तहाने प्रजासत्ताक जन्मलं : सुलतानाचं नाममात्र स्वामित्व, दर तीन वर्षांनी 75,000 पियास्तर (तुर्की नाणी) खंडणी आणि वर रशियाची हमी. कारभार मात्र बेटकऱ्यांचा. ग्रीक लोक स्वतःचा कारभार पाहताहेत, असं कित्येक शतकांनी घडत होतं.

योआनिस कापोदिस्त्रियास तेव्हा चोवीस वर्षांचे होते. जन्म कॉर्फूचा, 1776 चा; इटलीत पादुआला वैद्यकी शिकून परतलेले. 1799 मध्ये कॉर्फूच्या लष्करी रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. राजकारणात ते शिरले वडिलांच्या जागी. नव्या राज्यघटनेत सगळी सत्ता सरदारांकडे गेल्यामुळे बेटं धुमसत होती. झाकिंथोसने तर 1801 मध्ये इंग्रजांचं निशाण उभारलं! केफालोनियात बड्या घराण्यांच्या भांडणात गावंच्या गावं ओढली गेली होती. तिथे शांतता आणायला वडिलांऐवजी हा पंचविशीचा डॉक्टर गेला. 1803 मध्ये दुसरी राज्यघटना आली आणि ते राज्याचे सचिव झाले, म्हणजे आजच्या भाषेत मंत्रीच.

मला त्यांचा या काळातला शाळांचा नाद सर्वांत मोलाचा वाटतो. 1802 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत वैद्यांची संस्था काढली. पुढे कॉर्फूत सरकारी शाळा सुरू झाली, तिच्यावर देखरेख त्यांचीच. आणि गंमत पाहा : राज्याचा कारभार इटालियनमध्ये चाले, आणि ग्रीक शिक्षणासाठी धडपडणारे हे गृहस्थ स्वतः लिहायचे ते इटालियन-फ्रेंचमध्ये. पुढे रशियाच्या झारला स्वतःच्या कारकिर्दीचा वृत्तान्त लिहून दिला, तोही फ्रेंचमध्येच.

1807 मध्ये समोरच्या मुख्य भूमीवरचा सुलतानाचा सुभेदार, यानिनाचा अली पाशा, लेफकादावर टपला. हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पाणी ते किती, अरुंद आणि उथळ! तटबंदीचं काम कापोदिस्त्रियासांवर सोपवलं गेलं. तिथे त्यांची गाठ मुख्य भूमीवरच्या डोंगरी लढवय्यांशी पडली. पादुआत शिकलेला काउंट आणि पिस्तुलं खोचलेले ‘क्लेफ्त’, दोघांनाही एकमेकांचं नवलच वाटलं असणार. त्याच वर्षी रशिया-फ्रान्समधल्या टिल्झिटच्या तहात झारने बेटं नेपोलियनला देऊन टाकली. बेटकऱ्यांना विचारलं कोणी? फ्रेंचांची नोकरी नाकारून कापोदिस्त्रियास 1809 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेले आणि पुढे रशियाचे परराष्ट्रमंत्री झाले.

माझं मत विचाराल तर, बलाढ्य शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर राज्य कसं चालतं आणि ती मेहेरबानी एका सहीने कशी संपते, हे त्यांनी कॉर्फूतच पाहिलं. म्हणून 1821 मध्ये ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला तेव्हा ते सावध राहिले. अनेकांनी त्याबद्दल त्यांना दूषणं दिली. मी देणार नाही.

प्रश्न : कापोदिस्त्रियासांची बटाट्याची गोष्ट खरी का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : 1828 मध्ये ते ग्रीसचा कारभार पाहायला आले आणि त्यांनी बटाट्याच्या लागवडीला चालना दिली, हे खरं. लोक बटाटा घेईनात, म्हणून त्यांनी ढिगाऱ्यावर पहारा बसवला आणि मग लोकांनी तो चोरून नेला, ही गोष्ट मात्र जपून ऐका. हीच गोष्ट फ्रान्समध्ये बटाट्याचे प्रचारक पार्मांतिए यांच्या आणि प्रशियात फ्रेडरिक राजाच्या नावावर सांगतात. तीन देशांत एकच चोरी व्हावी, म्हणजे जरा जास्तच झालं.