रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंच. मग हे मनाचे खेळ का?

"मॅडम, एमआरआयमध्ये काही नाही म्हणतात. मग दुखतं कशाला? सगळं डोक्यातच आहे का?" जुनाट दुखणं घेऊन येणारी माणसं पहिल्या भेटीत हे विचारतातच. खालची भीती एकच असते: आपल्यावर कोणाचा विश्वास नाही.

चाळिशीतल्या एक बाई (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) चार वर्षं डाव्या कंबरेने हैराण होत्या. फिजिओथेरपिस्टने त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण नुसतं वाकायला सांगितलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

"तुम्हीही म्हणणार, टेन्शन घेऊ नका."

"नाही. तुमचं दुखणं खरं आहे. ते कसं टिकून राहिलंय, ते बघू या."

तिसऱ्या भेटीत मी कागद-पेन्सिल दिली. पाठीला हात न लावता, ती आतून जशी जाणवते तशी तिची कडा काढायची. जाणवत नाही तिथे रेघ सोडून द्यायची. उजवी बाजू सरळ उतरली. डावीकडे कमरेपाशी पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. मग त्या हळूच म्हणाल्या, "इथे मला माझी पाठ सापडतच नाही."

आणि रडल्या. पण हे रडणं वेगळं होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या दुखण्याचा काहीतरी पुरावा कागदावर उमटला होता. लॉरिमर मोझली या संशोधकाने 2008 साली पाठदुखीच्या काही रुग्णांकडून अशीच चित्रं काढून घेतली, तेव्हा दुखऱ्या जागेशी त्यांचीही रेघ हरवली होती.

मेंदूत शरीराचा जणू एक नकाशा असतो. बोटांच्या टोकांना त्यात ऐसपैस जागा, पाठीला अगदी थोडी. म्हणूनच बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात, पाठीवर मात्र काही सेंटिमीटरचं अंतर लागतं. दुखणं लांबलं की काहींचा हा नकाशा आणखी पुसट होतो, आणि जो भाग नीट कळत नाही त्याला मेंदू जास्तच जपत राहतो, असं मी मानते.

हा नकाशा पुन्हा ठळक करायला फिजिओथेरपिस्टने पाठीवर ठरावीक जागांना आकडे दिले. घरी नवऱ्याने कधी पेनाचं टोपण, कधी बाटलीचं बूच टेकवायचं. बाईंनी न बघता आकडा आणि वस्तू ओळखायची. पुढे पाठीवर बोटाने अक्षरं.

नवरा म्हणाला, "मी रोज मालीश करतोच की!" इथेच मेख आहे. मोझली आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच हातापायाच्या जुनाट दुखण्यावर दाखवलं की नुसत्या स्पर्शाने फरक पडला नाही; तोच स्पर्श ओळखायला लावल्यावर दुखणं कमी झालं. लक्ष हवं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली, तिचा मला मनापासून आनंद आहे: मुकाट्याने पाठ चोळणारा माणूस आता रोज विचारत होता, "कळलं का? कुठे कळलं?"

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला भेटा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. स्पर्शच सोसत नसेल तर न दुखणाऱ्या भागापासून सुरुवात करा. उत्तरं चुकली तर चुकू द्या, शिकणं तिथेच होतं. हालचाल आणि व्यायाम मात्र सोडायचा नाही. अपेक्षाही माफक ठेवा: ऑस्ट्रेलियात 276 जणांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मेंदू-शरीर प्रशिक्षणाचा फायदा दिसला, पण तो दुखण्याच्या शून्य ते दहा मोजपट्टीवर साधारण एका अंकाचा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं यांपैकी काही असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जा.

पाच महिन्यांनी बाईंचं दुखणं सातवरून चारवर आलं. गेलेलं नाही. पण त्या वाकतात. परवा आल्या तेव्हा पाठीवरची अक्षरं जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. 'क्ष' अजून चुकतो म्हणाल्या.