जे कासवं खातात, त्यांच्याच हाती कासवांची राखण द्यावी का?

तुम्ही विचारलंय, निकोबारी लोकांना शिकारीची मुभा कायद्यानेच आहे, ते कासवं आणि अंडी खातात, मग तिथल्या किनाऱ्यांची राखण त्यांच्याच हाती असावी असं लोक कशाच्या जोरावर म्हणतात? आणि सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीला तिथे काम करायला जाता येईल का? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिल्यावरून आमच्या घरात तीसेक वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे आधी तेच.

माझा जन्म ग्रेट निकोबारचा, म्हणजे अंदमान-निकोबारच्या अगदी दक्षिण टोकाच्या बेटाचा. १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबं तिथे नेऊन वसवली. पंजाबी, तमिळ, मल्याळी, तेलुगू, आणि त्यांत आपली मराठीही होती. वडील सातारा जिल्ह्यातले. पूर्व किनाऱ्यावर जंगल तोडून जमीन मिळाली, नारळ-सुपारी लावली. घरात मराठी, शाळेत हिंदी. आम्ही 'सेटलर'. निकोबारी माणूस भेटला की त्याला 'होलचू' म्हणायचं. त्यांच्या भाषेत होलचू म्हणजे मित्र.

१९९१ चा जानेवारी. मी अकरा वर्षांचा, दादा सोळाचा. शेजारच्या काकांकडे पाहुणे येणार होते आणि त्यांना कासवाची अंडी हवी होती. वडील नको म्हणत होते, पण गेले. रस्त्याच्या कामावरच्या ट्रकमधून गॅलेथिया नदीच्या मुखापाशी उतरलो, तेव्हा अंधार पडून गेला होता. काकांच्या हातात तेलाचे दोन रिकामे डबे.

लेदरबॅक ही समुद्री कासवाची जात मी तोवर ऐकून होतो, पाहिली नव्हती. पाण्यातून वर आलेला माग ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद. ती आमच्या हौदाएवढी. पाठीला इतर कासवांसारखं टणक कवच नाही, काळं ओलं चामडं, त्यावर लांबीभर सात कंगोरे. पुढचे वल्ह्यासारखे पाय वाळूत रुतवून ठेवलेले आणि मागच्या पायांनी ती खड्डा खणत होती. एक पाय आत जायचा, ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. दिसत काहीच नव्हतं तिला, पण आई पिठाच्या डब्यातून पीठ काढते तसं ते चाललं होतं. अंडी पडायला लागली. शेवटी शेवटी लिंबाएवढी बारीक अंडी आली. काका म्हणाले, ही कच्ची.

"उसमें बच्चा नहीं होता," मागून आवाज आला.

जवळच्या चिंगेन या निकोबारी गावचा एक होलचू होता. वडिलांच्या ओळखीचा, आमच्याकडून साखर-तंबाखू न्यायचा, कोप्रा द्यायचा. कमरेला दाव, म्हणजे कोयता. तो कधीपासून तिथे बसून होता कुणास ठाऊक. काकांनी डबे पुढे केले तशी त्याने सरळ मान हलवली. या हंगामात त्यांच्या गावाने एका खड्ड्यातली अंडी घेऊन झाली होती. नदीच्या या बाजूची घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. हवी असतील तर कॅप्टनला विचारा. कॅप्टन म्हणजे त्यांचा गावप्रमुख.

काका तापले. "तू खाता है ना?"

"खाता है।"

"फिर?"

तो काही बोलला नाही. कासवीण वाळू लोटून समुद्राकडे निघाली, तेव्हा तो जाऊन त्या बुजलेल्या जागेवर बसला आणि पान लावायला घेतलं. वडील म्हणाले, चला. काका म्हणाले, किनारा सरकारचा आहे, याच्या बापाचा नाही. वडिलांनी काकांच्या हातातला एक डबा काढून घेतला आणि चालायला लागले. ट्रक पहाटे मिळणार होता, आम्ही तिथेच पडून राहिलो. उजाडता उजाडता मी पाहिलं, तो माडाच्या झावळीने तिचा माग पुसत होता, पाण्यापासून खड्ड्यापर्यंत. कुत्र्यांना जागा कळू नये म्हणून. कुत्री आमची होती. सेटलरांनी आणलेली, मोकाट सुटलेली.

दादाचं म्हणणं त्या दिवसापासून एकच. त्या होलचूला ती अंडी स्वतःला हवी होती, आपल्याला हाकलून त्याने नंतर काढली असणार.

मी मार्चमध्ये परत गेलो होतो. वडिलांच्या मागे लागून गेलो. जवळच एक पांढरा ओंडका वाळूत रुतलेला होता, त्यावरून जागा ओळखली. वाळू मधोमध बसकी झाली होती आणि तिथून पाण्यापर्यंत बारीक बारीक मागांचा झाडू फिरलेला. पिल्लं बाहेर पडून गेली होती. दादा अजून म्हणतो, तो खड्डा दुसराच. दादा, तो ओंडका एकच होता.

तर कायद्याबद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याचं कलम ६५ सांगतं की निकोबारच्या अनुसूचित जमातींना १९६७ च्या अधिसूचनेने दिलेल्या शिकारीच्या हक्कांना या कायद्याने बाधा येत नाही. तुम्हाला ती पळवाट वाटली. मला वाटतं, कायदा करणाऱ्याला तेव्हा एवढं तरी कळत होतं की तिथे आधीपासून माणसं आहेत आणि त्यांचे स्वतःचे नियम आहेत. अमुक बेटावर अमुक काळात जायचं नाही, अमुक ठिकाणी काहीच घ्यायचं नाही. तिलांगचाँग बेट त्यांच्या दृष्टीने आत्म्यांचं. तिथे रीत पाळल्याशिवाय जात नाहीत. सागरी अभ्यासक वर्धन पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोबारच्या प्रवाळभित्तींवर काम केलं. स्थानिकांनी ज्या जागा पूर्ण बंद ठेवल्या, तिथली बंदी सगळ्यांत परिणामकारक ठरली असं त्यांना दिसलं. हे मी कॉलेजात सांगायचो तेव्हा लोक याला अंधश्रद्धा म्हणायचे. अभ्यासकाने लिहिल्यावर त्याला व्यवस्थापन म्हणतात.

आणि सरकारने काय राखलं? गॅलेथियाला १९९७ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२१ मध्ये ते रद्द झालं, कारण त्याच खाडीत बंदर करायचं आहे. सुरुवातीला सुमारे ७२ हजार कोटींचा सांगितलेल्या प्रकल्पातलं हे बंदर. मग भरपाई म्हणून २०२२ मध्ये लिटल निकोबारला लेदरबॅकसाठी, मेंचालला मेगापोड पक्ष्यासाठी आणि मेरोला प्रवाळांसाठी अभयारण्यं जाहीर झाली. ही बेटं ज्यांची, त्या दक्षिण निकोबारींना विचारलंच नव्हतं. जिथे राखण होती तिथे पाटी लावायची आणि जिथे पाटी होती ती काढायची, याला मी संवर्धन म्हणत नाही. प्रकल्पाच्या जमिनीसाठी दिलेली संमतीही आदिवासी परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली, पूर्ण माहिती दिली नव्हती म्हणून.

दादा कॅम्पबेल बेलाच असतो, बेटावरच्या मुख्य गावात. तो म्हणतो, तुला पुण्यात बसून बोलायला काय जातं, इथे जहाज चुकलं की आजारी माणूस आठवडाभर अडकतो. हे त्याचं खरं आहे, शंभर टक्के. दवाखाना हवा, जहाजं हवीत. पण त्यासाठी गॅलेथियाचं मुख बुजवावं लागतं हे मला पटत नाही, आणि "नाहीतरी ते कासवं खातातच" हे तर बिलकूल नाही. कोकणात वेळासलाही एके काळी अंडी काढून विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथल्याच लोकांना सोबत घेतलं, आणि आज तीच माणसं रात्री घरटी राखतात. तिथे तुम्ही त्यांना कासवमित्र म्हणता. निकोबारीने तेच केलं की तुम्हाला शंका येते.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. २००४ च्या त्सुनामीत सगळं उलटंपालटं झालं. दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं, गॅलेथियाचा किनारा गेला, चिंगेन गाव गेलं. किनारा काही वर्षांत पुन्हा तयार झाला, कासवंही आली. गाव मात्र अजून परत गेलेलं नाही. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेनला ठेवलं, ते आजही जुन्या जागी जाऊ द्या म्हणतात. मदतीत इंजिनाच्या होड्या आणि नायलॉनची जाळी आली, म्हातारी माणसं गेली, जुने नियम सैल पडले. पाटणकरांच्या चमूने हेही नोंदवलंय. सगळे निकोबारी एका मताचे नाहीत. आणि किनारा कितीही राखला तरी लेदरबॅक तिथे राहत नाही. लिटल अंदमानला उपग्रहाचा टॅग लावलेल्या माद्यांपैकी एक मोझांबिकपर्यंत गेली, काही पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे. मधल्या समुद्रातल्या जाळ्यांना कुठलाच कॅप्टन अडवू शकत नाही.

तुमच्या कामाचं. आदिवासी राखीव क्षेत्रात १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली परवाना लागतो, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यावर काम म्हणजे वनखात्याची परवानगी आणखी वेगळी. एकटीने सुरुवात करू नका. दक्षिण अंदमानात वंडूरला एएनईटीचं (अंदमान निकोबार एन्व्हायर्नमेंट टीम) केंद्र आहे, 'दक्षिण फाउंडेशन' या संस्थेसोबत ते लिटल अंदमानला लेदरबॅकची मोजणी करतात. आधी तिथे एक हंगाम काढा. नोव्हेंबर ते मार्च.

२०१२ मध्ये राजीवनगरला त्या होलचूला भेटलो. पत्र्याच्या घराच्या पायरीवर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने पहिलं विचारलं, गॅलेथियाला जाऊन आलास का, कुत्री किती आहेत आता? मी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजली, आठ होती, आणि येऊन त्याला सांगितलं. तुम्ही गेलात तर आधी राजीवनगरला जा. तो आता नाही, पण ज्यांना हे विचारायचं कळतं अशी माणसं तिथे आहेत.