आधी डाळीचा हिशेब मांड

अर्थशास्त्रातलं संशोधन वाचायला लागायचंय ना? मग जीडीपी आणि रेपो दर काही दिवस बाजूला ठेव. उदयपूरच्या डाळीपासून सुरुवात कर.

तिथल्या 134 खेड्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. निकाल 2010 साली छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं वाटली. काही गावांत दर महिन्याला हमखास शिबिर. काहींत शिबिर, वर दर लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी झाल्या की थाळ्यांचा संच. उरलेल्यांत यातलं काहीच नाही. पूर्ण लसीकरण झालेली मुलं अनुक्रमे 18, 39 आणि 6 टक्के. कुठलाही पेपर हातात आला की आधी हेच बघ: तुलना कुणाशी केलीय?

'लाच देऊन लस?' असं मलाही वाटलं होतं. पण खर्चाचा तक्ता बघ. डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या जवळपास निम्म्यावर आला. कारण साधं आहे, नर्सबाई दिवसभर बसणारच, पाच मुलं येवोत की पंधरा. हा हिशेब वहीत स्वतः मांड, नुसता वाचू नकोस.

आणि 39 वर भाळू नकोस. डाळ मिळत असूनही निम्म्याहून जास्त मुलं राहिलीच की! शिवाय तो आकडा उदयपूरचा. तो उचलून थेट गडचिरोलीला नाहीतर धारावीला चिकटवलास, तर मी हटकणार.