अँटवर्पला जाण्याआधी एकदा बंदरावर जा

उपयोजित कलेच्या मुलांची परदेशी अभ्यास सहल जवळ आली, की पत्रं वाढतात. यंदा बरीचशी बेल्जियम आणि जर्मनीबद्दल आहेत. त्यातली चार घेतो.

ऑक्टोबरात आमची सहल अँटवर्प आणि डेसाऊला जाते आहे. आतापासूनच दिवस मोजतेय. जाण्याआधी काय तयारी करू? (तिसरं वर्ष, रत्नागिरी)

पुस्तकं चाळशीलच. त्याआधी मिरकरवाडा बंदरावर जाऊन ये. मासेमारी बंदीत नौका ओढून ठेवलेल्या असतात आणि नावं नव्याने रंगवली जातात. रंगारी खडू लावलेला दोरा फळीवर ताणून सोडतो, पांढरी रेघ उमटते. तीच शिरोरेघ. फळी नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे वळते, तसा तो अक्षरांमधला अंतराचा हिशेब बदलत जातो. ‘एकवीरा’तल्या ‘वी’ची वेलांटी फळ्यांच्या जोडावर येऊ नये म्हणून अख्खं अक्षर अर्धं बोट सरकवताना मी पाहिलंय. तो का सरकवतो, हे वहीत लिहून आण.

आता अँटवर्प. तिथलं प्लँटिन-मोरेटस संग्रहालय म्हणजे क्रिस्तोफ प्लँटिनचा छापखाना आणि त्याच्या वारसांचं राहतं घर. 2005 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. सन 1600 च्या सुमाराची दोन छपाईयंत्रं तिथे उभी आहेत, जगातली सर्वांत जुनी. पण तू जास्त वेळ दे तो 1568 ते 1573 या काळात छापलेल्या बहुभाषी बायबलला. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक, अरामाइक असा पाच भाषांचा मजकूर, समोरासमोर. प्रत्येक लिपीची उंची वेगळी, वळण वेगळं, काही उजवीकडून वाचायच्या, तरी पान एकाच करड्या छटेचं दिसतं. देवनागरी आणि रोमन शेजारी ठेवताना आपण रोज अडखळतो तो हाच प्रश्न. मात्रा-वेलांट्यांना जागा दिली की रोमन ओळी विरळ दिसतात, रोमन घट्ट केली की आपला उकार खालच्या ओळीला टेकतो. त्या कारागिरांनी हे शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांनी सोडवलं. ओळींमधलं अंतर कुठे वाढवलंय, अक्षर कुठे लहान घेतलंय, ते डोळ्यांनी मोज. आणि सोमवारी संग्रहालय बंद असतं, सरांना आठवण कर.

सगळीकडे फोटो काढता येतात, मग स्केचबुकचं ओझं कशाला? (चिपळूण)

पहिल्या सहलीत मी नऊशेच्या वर फोटो काढले. आज त्यातलं फारसं आठवत नाही. गॅरामाँ या जुन्या फ्रेंच अक्षरकाराच्या छोट्या रोमन ‘e’चा डोळा, म्हणजे त्यातली बंद पोकळी, मात्र हुबेहूब आठवते, कारण ते अक्षर पेन्सिलने तळहाताएवढं काढलं होतं. तो डोळा किती लहान आहे, हे काढताना दोनदा चुकल्यावर कळलं. फोटो काढाच, फ्लॅश बंद ठेवून. पण दिवसाला एक अक्षर हाताने काढा.

जर्मनीतल्या डेसाऊत हे फार उपयोगी पडेल. बाउहाउस या कलाशाळेच्या 1926 च्या इमारतीवर शाळेचं नाव उभं लिहिलंय, एकाखाली एक अक्षर. तसंच उभं ‘रत्नागिरी’ लिहून पाहा. शिरोरेघ तुटते, ‘त्न’चं काय करायचं कळत नाही. तिथे शिकवणाऱ्या हर्बर्ट बायरने मोठी (कॅपिटल) अक्षरं काढूनच टाका, एकच वर्णमाला पुरे, असा आग्रह धरला होता. आपल्या लिपीत लहान-मोठं मुळात नाहीच! मग ठळकपणा आपण कशाने आणतो, यावर तिथल्या मुलांशी जरूर बोला. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, कागदावर काढून दाखवा.

मुलगी सतरा वर्षांची आहे. व्हिसाची धाकधूक वाटते, शिवाय तिला घरचंच जेवण लागतं. (एक आई, दापोली)

ताई, काळजी रास्त आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही शेवटावर ठेवू नका. मुलगी अल्पवयीन असल्याने आई-वडील दोघांचं संमतीपत्र लागेल. परतीच्या तारखेपुढे पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा आणि निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. बोटांच्या ठशांसाठी मुंबईला जावं लागेल. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, म्हणून आदल्या दिवशीच पोहोचा.

मेतकूट, सुकी चटणी द्या. दूध-दुभतं आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. कोकम आगळाची बाटली हातातल्या बॅगेत नको, आणि मुलीचं कागद कापायचं कटर तर मुळीच नको. मोठ्या बॅगेत टाका.

तिथल्या शिक्षकांना भेट काय न्यावी? (सावंतवाडी)

अहो, सावंतवाडीत राहून हे विचारता? गंजिफा न्या. दशावतारी संचात दहा अवतारांचे 120 गोल पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. राजा, वजीर आणि एक ते दहा. एवढ्याशा गोलात मासा, कासव, परशू ओळखू येतील असे बसवणं हे चिन्हांकनाचं अस्सल काम आहे. पूर्ण संच परवडला नाही तर चार पत्ते न्या आणि खेळ समजावून सांगा.

अँटवर्पजवळ टर्नहाउट गावात पत्त्यांचंच राष्ट्रीय संग्रहालय आहे. कार्यक्रमात एक दुपार मोकळी असेल तर तिकडे जायची मागणी आत्ताच करून ठेवा, आणि जाताना गंजिफा खिशात असू द्या.