आधी रबर बदल, मग मत बनव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक विकाऊ आहे, आजवर तिचे दोनच मालक झाले आहेत, इंजिन अजून खणखणीत आहे आणि तुझ्या मित्रांच्या मते गाडी चालवण्याची खरी मजा तिच्यासोबतच संपली. उलट घरचे म्हणतात की पैसे घालायचेच असतील तर चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस १.५ घे आणि निश्चिंत हो. या दोहोंत चालवायला चांगली कोणती, असे तू विचारले आहेस. वाहनांच्या चाचण्या घेण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून प्रश्न सोपा असला तरी उत्तर जरा लांबणार आहे.

तू लिहितोस की सिटी चालवून पाहिली तेव्हा स्टिअरिंग मधोमध सैल वाटले, खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट्’ असा आवाज आला, ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढली, आणि जुन्या गाड्यांचे गोडवे गाणारे लोक केवळ आठवणींत रमतात की काय, अशी शंका तुला आली. ते रमतातच, त्यात वाद नाही. पण तुझी तुलनाही चुकली आहे. तू २००१ सालची गाडी चालवलीच नाहीस. तू चालवलेस ते वीसहून अधिक वर्षे उन्हात, तेलात आणि खड्ड्यांत मुरलेले रबर.

गाडीचे चाक आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये ठिकठिकाणी रबर असते. चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी कड्या), स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या, म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग, वळणात गाडीला कलू न देणाऱ्या अँटिरोल बारचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, हे सगळे रबराचे भाग आहेत आणि ते वयाने एक तर कडक होतात किंवा चिरतात. बुश चिरला की ब्रेक लागताक्षणी लोअर आर्म दोन-चार मिलिमीटर मागे सरकतो, त्या बाजूच्या चाकाचा कोन बदलतो, आणि तुला जाणवले तसे ओढणे सुरू होते. शॉकॲब्सॉर्बरचे तर त्याहून वाईट, कारण तो एका दिवसात मरत नाही. दर महिन्याला थोडा थोडा मरतो आणि रोज चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. म्हणून ती सिटी घेतलीसच, तर इंजिनावर एक रुपयाही खर्च करण्याआधी पुढचे-मागचे सगळे बुश, चारही शॉकॲब्सॉर्बर, बॉलजॉइंट (चाकाला वळू देणारे गोल सांधे) आणि टायर बदल, ब्रेकचे तेल नवे भर, चाकांचे अलाइनमेंट करून घे, आणि त्यानंतर पाचशे किलोमीटर चालवून मला पुन्हा पत्र लिही. मेकॅनिक म्हणेल, ‘अजून एक वर्ष सहज निघेल.’ त्याचे ऐकू नकोस. त्याला गाडी चालती हवी असते, तुला बोलती हवी आहे.

टायरबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक छोटी हॅचबॅक होती आणि तिच्या मागच्या टायरांची नक्षी अगदी शाबूत होती, म्हणून आठ वर्षांचे झाले तरी मी ते बदलले नव्हते. वरंध घाटात, पहिल्या पावसात, एका वळणावर वेग जास्त वाटला म्हणून मी ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला. गाडीचा भार पुढे गेला, मागची चाके हलकी झाली, कडक झालेल्या रबराने ओल्या डांबरावरची पकड सोडली, आणि पुढच्या दोन सेकंदांत गाडी आडवी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. दोष वळणाचा नव्हता आणि गाडीचाही नव्हता. टायरच्या कडेवर उठवलेल्या अक्षरांच्या एका ओळीच्या अखेरीस चार आकडे असतात. ‘३५१९’ असेल तर तो २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी पाहण्याआधी ते आकडे वाचायला शीक.

आता ती गाडी मुळात होती कशी, ते सांगते. होंडा सिटी भारतात १९९८ मध्ये आली आणि काही काळाने तिला १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन मिळाले. १०६ हॉर्सपॉवर आणि साधारण टनभर वजन. आज हे आकडे कोणाच्या नजरेत भरणार नाहीत, पण तेव्हा रस्त्यावर बहुतांश मारुती ८०० होत्या. त्याच सुमारास फोर्डची आयकॉन १.६ होती, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाटची पॅलिओ १.६ होती, जिचे दार लावताना तिजोरी बंद केल्यासारखे वाटे आणि जिचे ॲव्हरेज ऐकून लोक शोरूममधूनच परत फिरत. ॲव्हरेजपुढे आपल्याकडे कोणाचेच चालले नाही. होंडानेच २००३ मध्ये सिटीचे नवे रूप आणले तेव्हा त्यात ७७ हॉर्सपॉवरचे काटकसरी इंजिन घातले, आणि तो निर्णय धंद्याच्या दृष्टीने चूक होता असे मला आजही म्हणवत नाही.

व्हीटेकची युक्ती अशी की इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणाऱ्या कॅमवर (फिरत्या दांड्यावर) दोन प्रकारचे उंचवटे असतात. कमी फेऱ्यांत, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी वेळा फिरते तेव्हा, व्हॉल्व्ह बेताने उघडतात आणि इंजिन सौम्य राहते. फेरे वर गेले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, मोठा उंचवटा कामाला लागतो, व्हॉल्व्ह अधिक आणि अधिक वेळ उघडे राहतात. आवाज बदलतो, तेव्हा हे कानाला कळते. म्हणजे ही ताकद आयती मिळत नाही. योग्य गिअर निवडून, इंजिन वरच्या फेऱ्यांत ठेवून ती मिळवावी लागते. त्यात ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक साधी तार आहे, त्यामुळे पाय जितका हलेल तितकेच आणि त्याच क्षणी इंजिन हलते. आजच्या गाडीत पाय फक्त संगणकाला विनंती करतो, आणि प्रदूषणाचे निकष सांभाळण्यासाठी कित्येकदा पाय काढल्यावरही फेरे क्षणभर वरच तरंगत राहतात.

गेल्या जानेवारीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची नीट जपलेली सिटी व्हीटेक आणि माझ्या भाच्याची व्हर्टस १.५ मॅन्युअल, अशा दोन गाड्या घेऊन आम्ही पहाटे ताम्हिणीला गेलो. विळ्याहून वर चढताना एका उजव्या वळणावर रस्त्याच्या आतल्या कडेला पाण्याने आणलेली वाळूची पट्टी पसरली होती. सिटीतून तिथे पोचताना ब्रेक लावायचा, क्लच दाबायचा, चवडा ब्रेकवर ठेवूनच पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची, दुसरा गिअर टाकायचा आणि मग वळायचे, एवढी कामे होती. वळणात स्टिअरिंग तळव्यांत छान जड झाले होते. पुढचे चाक वाळूवर चढले आणि ते जडपण एकाएकी ओसरले, जणू कोणी दोरीचे दुसरे टोक सोडून दिले. टायर घसरण्याआधीच ते माझ्या हातांना कळले आणि मी पाव इंच स्टिअरिंग सरळ केले. वेग पन्नाशीच्या आतच होता.

वर येऊन गाड्या बदलल्या, खाली उतरलो आणि तेच वळण व्हर्टसने घेतले. तिच्यात १५० हॉर्सपॉवर आहेत, पण घाटात महत्त्वाचा आकडा दुसराच: २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून हजर. तिसऱ्यातून दुसऱ्यावर येण्याची गरजच पडली नाही. पाय दाबला आणि गाडी शांतपणे चढून गेली. वाळूची पट्टी कधी आली ते हातांना कळले नाही. डॅशबोर्डवर स्थिरता-नियंत्रणाचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, गाडीने स्वतःच एका चाकाला ब्रेक लावला असावा, आणि आम्ही पुढे निघून गेलो. वेग पाहिला तर सिटीपेक्षा बराच जास्त होता. जुन्या आणि नव्या गाडीतला मला कळलेला फरक एवढाच आहे: एकीने बातमी मला दिली आणि निस्तरायचे काम माझ्यावर सोडले, दुसरीने काम आधी उरकले आणि बातमी दिव्यातून कळवली.

स्टिअरिंग असे का बदलले, तेही समजून घे, म्हणजे नव्या गाड्या बनवणाऱ्यांना उगाच नावे ठेवणार नाहीस. जुन्या पॉवर स्टिअरिंगला मदत करणारा तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर अखंड फिरत असतो, गाडी सरळ चालली असली तरी, आणि तेवढे पेट्रोल जाळतो. विजेची मोटर वळताना जेवढी लागेल तेवढीच वीज खाते, आणि आपोआप पार्किंग करणे किंवा गाडी लेनमध्ये ठेवणे ही कामेही तिच्यामुळेच शक्य होतात. पोर्शेने २०११ मध्ये आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या नव्या पिढीत विजेचे स्टिअरिंग बसवले तेव्हा जगभरच्या जाणकारांनी सुतक पाळले होते. त्यानंतर या स्टिअरिंगांत पुष्कळ सुधारणा झाली आहे आणि अचूकतेत ती कमी नाहीत. पण रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत आणण्याच्या बाबतीत चांगले तेलाचे स्टिअरिंग अजून उजवे आहे, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. १९७६ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ११० हॉर्सपॉवरची आणि सुमारे ८१० किलोंची होती. २०२५ मध्ये भारतात आयात होऊन आलेली जीटीआय २६५ हॉर्सपॉवरची आहे आणि तिचे वजन १,४०० किलोंच्या वर आहे. हे वाढलेले वजन कोणाची चैन नाही. त्यात एअरबॅग आहेत, धडक सोसणारे पोलाद आहे, मोठे ब्रेक आहेत. पण हलकी, अरुंद टायरांची गाडी साठच्या वेगातही जिवंत वाटते, आणि नवी जड, सक्षम गाडी तोच जिवंतपणा ज्या वेगाला दाखवते, तो वेग ताम्हिणीत एसटी, माकडे आणि सेल्फी काढणारी कुटुंबे यांच्यामधून गाठण्यासारखा नसतो. नव्या गाडीची हद्द पाहायची हौस असेल तर कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जा. सार्वजनिक घाटात ती पाहण्याची परवानगी मी देणार नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र तुलना करण्याजोगे काही उरत नाही. व्हर्टसला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून पाहणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. सिटीच्या काळात आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा एअरबॅग नसे, आणि धडकेत केबिन किती टिकेल याचा कोणी जाहीर हिशेब देत नसे. जुन्या गाडीत ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबलास तर चाके जाम होतील आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाईल. पाय थोडा सैल करून चाक पुन्हा फिरू द्यायचे, हे तुला स्वतःला करावे लागेल, आणि घाबरलेल्या पायाला ते आयत्या वेळी सुचत नाही. मोकळ्या मैदानात, कोणी अनुभवी शेजारी बसवून, वीस-पंचवीस वेळा करून पाहावे लागते.

कागदपत्रांची कटकट थोडक्यात सांगते. पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते दर पाच वर्षांनी, आणि पर्यावरण कर वेगळा. विक्रेत्याकडे हे झाले आहे का, ते आधी पाहा, तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नकोस. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि सील नव्या दर्जाचे बसवून घे. इथेही शेवटी रबरच.

मी तुझ्या जागी असते तर काय केले असते, ते सांगते. घरात एकच गाडी राहणार असेल आणि तिच्यातून आई-वडील नगरला किंवा कोकणात जाणार असतील, तर व्हर्टस, आणि तीही सहा गिअरची मॅन्युअल. त्यातून शिकण्यासारखे तुला पुष्कळ मिळेल, फक्त ते मिळवण्यासाठी गाडीला आळशीपणे वरच्या गिअरात हाकणे सोडावे लागेल. घरात दुसरी, रोजची गाडी आधीच असेल, तर सिटी जरूर घे; पण किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेव आणि पहिल्या वर्षी पावसाळ्यात तिला घाटात नेऊ नकोस.

निर्णय मात्र एवढ्यात घेऊ नकोस. माझा सहकारी त्याची सिटी तुला चालवायला द्यायला तयार आहे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला पिरंगुटला ये, पातळ तळाचे बूट घालून. जाड तळाच्या बुटांनी टाच-चवड्याचे काम, म्हणजे ब्रेक दाबतच ॲक्सिलरेटरला टिचकी देणे, होत नाही. आणि येताना त्या विकाऊ सिटीच्या पाचही टायरांवरचे चार-चार आकडे कागदावर लिहून आण. पाचवा स्टेपनीचा, तो लोक हमखास विसरतात.

तुझी,
मावशी