गावातल्या छोट्या उद्योजकांना आणि नव्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना मदत कशी करावी?

सगळ्यात आधी बिल वेळेवर द्या. शाल-श्रीफळ नंतर. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी त्यांची 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी हवी. ती फुकट होते, तरी आमच्याकडे एका पापडवाल्या ताईंकडून एजंटाने दोन हजार उकळले! आधार-पॅन घेऊन शेजारी बसा आणि फॉर्म भरून द्या, अर्ध्या तासाचं काम.

आणि पोराने बिलिंगचं ॲप केलंय? आपल्याच दुकानात महिनाभर वापरा, कुठे अडतं ते सांगा, फक्त 'घरचाच आहेस' म्हणून फुकट मागू नका.